भिंतीवर टकटक करणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

जुन्या वस्तीतल्या या घरात आमचा पहिला पावसाळा पार पडला. भिंती कोरड्या आहेत. हे तुम्हाला आधी कळवायचं होतं, आणि आभार चारचौघांसमोर मानायचे होते, म्हणून हे उघडं पत्र.

खरं तर आम्ही दुसरंच घर घेणार होतो. नुकतंच नूतनीकरण झालेलं, पांढऱ्याशुभ्र भिंती, चकचकीत फरशी. आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं अशा पाच जणांना पुरेल एवढं भाड्याचं घर जुन्या भागात सहजी मिळत नाही, त्यामुळे अनामत रक्कम देऊन टाकायची घाई झाली होती. तुम्ही एवढंच म्हणालात, "थांबा, मी एकदा येऊन बघतो."

आत आल्यावर तुम्ही ना फरशी बघितलीत ना ओटा. बाहेरच्या भिंतीशी उकिडवे बसलात आणि खालून वर बोटाच्या पेराने टकटक करत गेलात. वर टणक, खाली भद्द आवाज. कोपऱ्यातला रंग नखाने जरा खरवडलात, तर मिठासारखी पांढरी भुकटी बोटाला लागली. "लोणा," म्हणालात, म्हणजे ओलीबरोबर भिंतीवर येणारे क्षार. चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतली ओल ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर सोडते. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकचा रंग चढवला की ओल आतच कोंडते, वर सरकते, क्षार गिलावा फुगवतात. त्याच भिंतीत तुळयांची टोकं असतात, ती कुजत राहतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. त्या मालकांना आम्ही ओलीबद्दल विचारलं होतं. "काही नाही हो," एवढंच उत्तर मिळालं होतं.

मग हे घर. दिसायला साधं, आम्ही जवळजवळ नापसंत केलेलं. तुम्ही मात्र दाराच्या चौकटीपाशी थबकलात. खालचा वीतभर कुजका भाग कापून तिथे नवं लाकूड सांधलेलं होतं, आणि तो तुकडा लपवलेला नव्हता. सांध्यावरून अंगठा फिरवत तुम्ही म्हणालात, "ज्याने केलं त्याला कळतं." जुन्या वास्तूतली नवी भर वेगळी ओळखू आली पाहिजे, असं जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या 1964 च्या व्हेनिस सनदेतही म्हटलंय, हे त्याच दिवशी तुमच्याकडून कळलं. त्या चौकटीवरून रोज येता-जाता माझा हात फिरतो.

वायरिंग नवं आहे असं सांगितलेलं होतं, तरी तुम्ही बोर्ड उघडायला लावलात. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा आपोआप तोडणारी कळ, शोधून तिचं टेस्टचं बटण दाबलंत, घरभर अंधार झाला आणि तुम्ही समाधानाने मान डोलावलीत. सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा जोर पाहिलात. खिडक्यांवरचे रंगाचे जुने थर बघून मात्र गंभीर झालात. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची कुठलीही मात्रा मुलांसाठी सुरक्षित धरत नाहीत. आधी तपासून घ्या, काचपेपरने कोरडं घासून धूळ उडवू नका, हे मालकीणबाईंना शांतपणे पटवलंत. त्यांनीही आम्ही येण्याआधी ते काम करून दिलं, म्हणून त्यांचेही आभार. छप्पर कुणी दुरुस्त करायचं हे करारात लिहून घेतलं आणि खोल्यांचे फोटो जोडले, तेही तुमच्याच सांगण्यावरून.

पण मनात राहिलंय ते वेगळंच. सही करण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही म्हणालात, "आईंना घेऊन या, त्यांना जिना चढून बघू द्या." आमच्या दोघांच्याही ते डोक्यात आलं नव्हतं. आई कठडा धरून चढली, वळणावर थांबली, आणि तुम्ही तिच्याबरोबर थांबलात. मग तिला विचारलंत, "रोज जमेल?" घराबद्दल तिचं मत तोवर कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "इथे एक खुर्ची असली तर जमेल."

मालकीणबाईंनी परवानगी दिली. खुर्ची त्या वळणावर ठेवली आहे. येणं होईल तेव्हा आधी तिथे बसा, आई वाट बघते आहे.

तुमचे कृतज्ञ,
दुसऱ्या मजल्यावरचे आम्ही पाच जण