आधी खारटपणा मोजा, मग फिल्टर निवडा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हॉटेलं, गृहसंकुलं, नगरपरिषदा, सगळीकडे सांडपाण्याच्या पुनर्वापराची भाषा सुरू झाली आहे. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या कोकणात ती हवीच. पण चर्चा 'कोणाचा फिल्टर जास्त बारीक' याच्यापुढे सरकत नाही. समुद्रालगतच्या एका संकुलाचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) मी वर्षानुवर्षं चालवला आहे. किनाऱ्यावर पहिला प्रश्न मिठाचा असतो.

आमच्या टाकीत येणाऱ्या सांडपाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) ओहोटीला ६०० च्या आसपास असे, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तोच २,००० च्या वर जाई. चेंबर फुटके, पाइपांचे सांधे सुटलेले. खारं पाणी आत शिरणारच. वाळूचा फिल्टर गढूळपणा कमी करतो, जिवाणू मात्र त्यातून निसटतात. यूएफची, म्हणजे अतिसूक्ष्म गाळणीची (अल्ट्राफिल्ट्रेशन), छिद्रं ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची, तिथे जिवाणू अडतात, बरेचसे विषाणूही. विरघळलेलं मीठ दोन्हींतून आरपार जातं. त्याला आरओच, म्हणजे दाबाने पाणी ढकलून मीठ अडवणारा पडदा, लागतो. आणि आरओ साधारण चारातला एक भाग पाणी बाहेर टाकतो, जवळजवळ चौपट क्षारांसकट. ते सोडायचं कुठे? बायका कालवं काढतात त्या खाडीत?

नामिबियातलं विंडहोक शहर १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्यासाठी वापरतं. तिथल्या २००२ च्या प्लांटमध्ये ओझोन, कार्बन, यूएफ आहे, आरओ नाही. चेन्नईने २०१९ मध्ये कोयंबेडूला यूएफनंतर आरओ बसवला, कारण ते पाणी कारखान्यांना द्यायचं होतं. म्हणजे पाणी कसं येतं आणि जाणार कुठे, यावर सगळं ठरतं.

म्हणून टेंडर काढण्याआधी निदान महिनाभर, उधाणाच्या दिवशी तर दर तासाला, टीडीएस आणि क्लोराइड मोजा. गळके चेंबर आधी दुरुस्त करा. मीठ आटोक्यात आलं की फ्लशला आणि बागेला यूएफ व त्यानंतर यूव्ही (जंतू मारणारे अतिनील किरण) किंवा क्लोरीन पुरेसं आहे. खारटपणा राहिला तर ते पाणी फ्लशला चालेल, आंब्याच्या कलमांना अजिबात घालू नका.

आणखी एक अट टेंडरमध्ये हवीच. यूएफच्या शेवयांसारख्या पोकळ तंतूंपैकी एखादा तुटला तरी पाणी दिसायला नितळच राहतं. मॉड्यूलला, म्हणजे या तंतूंच्या नळकांड्याला, हवेचा दाब देऊन बुडबुडे येतात का, हे ठरावीक दिवसांनी तपासायचं आणि त्याची नोंद रहिवाशांना मागितल्याबरोबर दाखवायची, हे ठेकेदाराकडून लिहून घ्या.

– एक निवृत्त एसटीपी ऑपरेटर, रत्नागिरी