सूचना: जमीन-वापराचे वर्ग बदलताना

सभासदांनो, गोव्यातल्या तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांच्या नकाशा-थरांत (लेयरमध्ये) खाजन (खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन), केर, मोरड (उंचावरची शेतजमीन) हे वर्ग एकत्र करून 'भातशेती' हा एकच वर्ग करायचा आहे. (केर म्हणजे रेताड शेत, कचरा नव्हे. पडीक जमिनीत टाकू नका.)

जुना कॉलम जसाच्या तसा ठेवा, नवा कॉलम करूनच त्यात भरा. क्यूजीआयएसमध्ये (नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये) आधी 'लिस्ट युनिक व्हॅल्यूज' (कॉलममधल्या वेगवेगळ्या नोंदींची यादी) चालवा. 'खाजन' दोनदा दिसलं तर एकाच्या मागे स्पेस आहे असं समजा. सूत्रात ट्रिम (कडेची स्पेस काढणारं फंक्शन) वापरा. मग फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये (सूत्राने कॉलम भरायच्या साधनात) केस-व्हेन ('असं असेल तर हे लिही') सूत्र लिहा. कॉलमचं नाव दुहेरी अवतरणात, त्यातली नोंद ('खाजन' वगैरे) एकेरी अवतरणात. शेवटी एल्स ('नाहीतर') देऊन 'तपासा' लिहा. एल्स विसरलात तर न जुळलेल्या ओळी नल (रिकाम्या) होतात आणि नकाशात गुपचूप गायब दिसतात. काही बहुभुज (नकाशातले जमिनीचे तुकडे) आधीच निवडलेले असतील तर 'फक्त निवडलेले' ही खूण आपोआप लागते. ती काढा, नाहीतर अर्धाच थर बदलतो.

फाइल साठवताना शेपफाइल हा जुना प्रकार कृपया नकोच. तिच्यात कॉलमची लांबी बाइटमध्ये मोजतात आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. 'भातशेती'ला 21 बाइट लागतात, त्यामुळे 10 लांबीच्या कॉलमात 'भात' एवढंच उरतं. त्याऐवजी जिओपॅकेज हा फाइल-प्रकार वापरा.

'तपासा' वर्गातल्या ओळी हाताने बघून रविवारपर्यंत फाइल गटाच्या फोल्डरात टाका.