बी शार्प तसाच ठेवायला लावणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम जय ख्रिस्त.

नाताळ दोन दिवसांवर आला आणि सोलो गाणारीला खालचे स्वर लागेनात. तिने पट्टी काळी दोनची पांढरी तीन, म्हणजे ई फ्लॅटची ई, करून मागितली. पेटीवर हे क्षणाचं काम, पण आमची चर्चची क्वायर स्टाफ नोटेशनवरून, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेल्या स्वरांवरून गाते. मी संगणकावर सगळं अर्धा स्वर वर चढवलं, सात रस्त्याजवळून झेरॉक्स काढल्या, वाटल्या. पहिल्याच ओळीला सगळे अडले. फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर खाली, शार्प म्हणजे अर्धा स्वर वर; इथे ई फ्लॅटचा एफ फ्लॅट झाला होता, बी फ्लॅटचा सी फ्लॅट आणि ए फ्लॅटचा चक्क बी डबल फ्लॅट! वाजवून पाहिलं तर एकही स्वर चुकलेला नव्हता. वाचता मात्र कुणालाच येईना.

फोन केला तसे तुम्ही थंडीत रिक्षा करून आलात. आपल्याकडे काळी एक म्हटलं की एकच पट्टी. कागदावर तिची नावं दोन, सी शार्प आणि डी फ्लॅट. त्यातलं कोणतं घ्यायचं हे आधी ठरवायचं, हे तुम्ही समजावलंत. एफ फ्लॅट मेजर लिहायला आठ फ्लॅट लागतात, त्याच पट्टीला ई मेजर म्हटलं की चार शार्पांत भागतं.

मग मला हुरूप आला आणि ई मेजरच्या कागदात दिसेल तो बी शार्पही मी सी करून टाकला, पेटीवर दोन्ही एकच म्हणून. तो तुम्ही पेन्सिलने परत लिहिलात. खरे आभार त्याचे आहेत, सर. मूळ पट्टीत सोलो गाणारी बी नॅचरलवरून (ना शार्प, ना फ्लॅट) सीवर चढते. नव्या पट्टीत बी शार्प ते सी शार्प लिहिलं तर एक स्वर रेघेवर, दुसरा वरच्या घरात, आणि चढण डोळ्यांना दिसते. सी ते सी शार्प लिहिलं की दोन्ही एकाच घरात बसतात, गाणारी बिचकते. शिवाय त्या जागी खाली एकत्र वाजणारे स्वर, म्हणजे कॉर्ड, जी शार्प सेव्हन. तिच्यातला तिसरा स्वर बी शार्पच. खुणा कमी केल्या की वाचणं सोपं होतं, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

नाताळच्या उपासनेत तिने ती जागा सहज घेतली. तुमच्या पेन्सिलीची प्रत मी फायलीत जपून ठेवली आहे. ईस्टरच्या दोन गाण्यांचे कागद करायला घेतलेत, रविवारी घेऊन येऊ का?

तुमची,
क्वायरमधली कीबोर्डवाली
सोलापूर