कानाने ओळखायचा अलंकार

मा. संपादक,
स. न.

कालच्या विद्यार्थी पुरवणीतला इंग्रजी अलंकारांचा तक्ता वाचला आणि रात्री झोप लागेना. तक्ता रंगीत आहे, सुटसुटीत आहे, मुले तो कापून वहीत चिकटवणार. म्हणूनच घाईने लिहीत आहे.

‘एकच अक्षर शब्दांच्या सुरुवातीला पुन्हा पुन्हा आले की ॲलिटरेशन’ ही तुमची व्याख्या चुकीची आहे. पुन्हा यावा लागतो तो ध्वनी. या एका शब्दाच्या फरकापायी दहावीत माझे दोन गुण गेले होते. बाईंनी स्वतःच्या मनाने उदाहरण लिहायला सांगितले होते. मी लिहिले, ‘फोर फिलॉसॉफर्स फॉट.’ त्यावर लाल रेघ आली. का, तर फिलॉसॉफरचे स्पेलिंग ‘पी’ने सुरू होते. शेजारच्या मुलीने लिहिले होते, ‘द किंग न्यू द नाइट.’ तिला पूर्ण गुण मिळाले, कारण तिन्ही शब्दांच्या आरंभी ‘के’. हे वाक्य एकदा मोठ्याने वाचा. क, न, न. नाद जुळतो तो फक्त ‘न्यू’ आणि ‘नाइट’चा, आणि तोही ‘न’चा. मी उभी राहून हेच विचारले, तर उत्तर मिळाले, ‘पुस्तकात अक्षर म्हटलंय, खाली बस.’ मी खाली बसले. वर्गातल्या चाळीस मुलींनी त्या दिवशी वहीत चुकीचे उदाहरण उतरवून घेतले. इतकी वर्षे झाली तरी तो तास आठवला की मला राग येतो, आणि काल तीच व्याख्या तुमच्या पानावर ठळक टाइपात दिसली.

ही चूक होते कशी, हेही सांगते. मराठीतला अनुप्रास शिकवताना ‘अक्षराची पुनरावृत्ती’ म्हटले तरी निभावते, कारण देवनागरीत बहुतेक जसे लिहितो तसेच वाचतो. तीच व्याख्या उचलून इंग्रजीला लावली की घोळ होतो. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ दोन्ही ‘सी’ने लिहितात, पण नाद जुळत नाही. ‘वन्स’ लिहितात ‘ओ’ने आणि ‘वाइज’ ‘डब्ल्यू’ने, तरी जुळतो. यमक रुळण्याआधीची जुनी इंग्रजी कविता याच नादावर उभी होती. ‘बेओवुल्फ’मधली प्रत्येक ओळ मधोमध दुभागलेली असते, आणि त्या दोन भागांना सांधतो तो जोर देऊन उच्चारलेल्या शब्दखंडांच्या आरंभीचा सारखा ध्वनी. ही जुळणीही कानानेच ऐकायची असते.

तक्त्यात पुढेही तेच. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसले की सिमिली, म्हणजे उपमा, असे छापले आहे. मग ‘ही इज ॲज टॉल ॲज हिज ब्रदर’ यात कोणता अलंकार? भावाभावांची उंची मोजली, एवढेच. वर्ड्सवर्थ ‘लोनली ॲज अ क्लाउड’ म्हणतो तेव्हा माणूस आणि ढग या दोन वेगळ्या जातींच्या गोष्टी शेजारी येतात, म्हणून ती सिमिली. त्याच कवीची ‘द चाइल्ड इज फादर ऑफ द मॅन’ ही ओळ तुम्ही ऑक्सिमोरॉनच्या रकान्यात टाकली आहे. ती पॅराडॉक्स आहे. अख्खे विधान आधी अशक्य वाटते आणि विचार केल्यावर पटते. ऑक्सिमोरॉनमध्ये दोन विरोधी शब्द एकमेकांना चिकटून येतात. रोमिओच्या तोंडचे ‘कोल्ड फायर’, ‘सिक हेल्थ’ पाहा. मराठीत दोन्हींना विरोधाभास म्हणून मोकळे होतात, म्हणून मुलांचा गोंधळ होतो हे मला कळते. पण तो सोडवण्यासाठीच तर तक्ता हवा होता.

आणखी एक. अतिशयोक्तीसाठी ‘हायपरबोल’ असा शब्द नाही. उच्चार ‘हायपर्बली’ असा आहे, शेवटचा ‘ई’ मुका नाही. भागावरून पूर्ण किंवा पूर्णावरून भाग सांगणारा अलंकार ‘सायनेकडोच’ही नाही, ‘सिनेक्डकी’. देवनागरीत छापायचे तर निदान उच्चार तरी बरोबर हवा, कारण मुले तोच पाठ करतात. ही ग्रीक नावे जड जातात हे खरे आहे. 1589 साली जॉर्ज पटनमने आपल्या काव्यशास्त्राच्या ग्रंथात त्यांना साधी इंग्रजी नावे दिली होती. हायपर्बलीला तो ‘लाउड लायर’ म्हणतो, म्हणजे मोठ्याने खोटे बोलणारा, आणि मेटॉनमीला, म्हणजे वस्तूऐवजी तिच्याशी निगडित गोष्टीचे नाव घेण्याच्या अलंकाराला, ‘मिसनेमर’, भलत्याच नावाने हाक मारणारा. असे काही सांगितले असते तर मुलांच्या लक्षात राहिले असते.

दुरुस्ती कोपऱ्यात दोन ओळींत देऊ नका. पुढच्या पुरवणीत, त्याच पानावर, त्याच आकारात सुधारलेला तक्ता छापा, म्हणजे मुलांना जुन्यावर नवा चिकटवता येईल. परीक्षेच्या आधी छापा.

आपली,
एक नियमित वाचक