येतो म्हणालो होतो

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवरच सांगितलं असतं, पण अवघड विषय निघाला की बाबा फोन आईकडं देतात आणि आई "जेवलास का?"वर आणून सोडते. म्हणून पत्र.

पाडव्याला येत नाही. अजून दोन वर्षं इथंच, नागोयात. सही करून झाली. तुम्हाला विचारायला हवं होतं, कळतंय. पण बाबा "तुझं तू बघ" म्हणाले असते आणि आई रात्रभर जागली असती.

पैशासाठी नाही. म्हणजे पैशासाठीही, खोटं कशाला बोलू, घराचं कर्ज आहेच. पण बाबा, शिरोलीच्या फौंड्रीत एखाद्या कास्टिंगमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की तुम्हाला रात्री भाकरी गोड लागायची नाही. इथं त्याच बुडबुड्यामागं सहा माणसं महिनाभर लागतात. ते मला आत्ता कुठं उमजायला लागलंय. अर्ध्यात सोडून आलो असतो तर पहिले तुम्हीच ओरडला असता.

फजिती अशी की माझा निरोप समारंभ होऊन गेलाय! इथं ३१ मार्चला वर्ष संपतं, त्यामुळं महिनाभर कुणा ना कुणाचा निरोप. मला सगळ्यांच्या सह्यांचा पुठ्ठा मिळाला, मी भाषण ठोकलं, खालच्या मजल्यावरच्या आजींनी संत्र्यांची पिशवी देऊन डोळे पुसले. आणि सोमवारी सकाळी मी त्यांच्यासमोर, हातात कचऱ्याची पिशवी. त्या एवढंच म्हणाल्या, "आज जळणाऱ्या कचऱ्याचा वार नाही."

निरोपाचं आणि माझं इथं पहिल्यापासून जमलेलं नाही. आलो तेव्हा तीन महिने रोज संध्याकाळी ऑफिसातून निघताना "सायोनारा" म्हणायचो. तेवढा एकच शब्द येत होता. शेवटी एकानं बाजूला घेऊन सांगितलं, अरे, हा लांबच्या निरोपाचा शब्द. म्हणजे मी रोज नोकरी सोडून चाललो होतो.

मग एका सहकाऱ्याकडं जेवायला गेलो. पायताण दारात काढलं. थोड्या वेळानं बघतो तर त्याच्या बायकोनं ते उचलून, तोंड रस्त्याकडं करून ठेवलेलं. म्हटलं, झालं, आता निघा म्हणतायत! उठलोच मी. पाहुण्याला जाताना घालायला सोपं जावं म्हणून तशी रीत आहे, हे मागनं कळलं. आई, तू तर अजून एका चहासाठी पायताणच लपवशील.

घरातून बाहेर पडताना इथली माणसं "इत्ते किमासु" म्हणतात. जाऊन येतो. घरातली म्हणतात "इत्ते राश्शाई". जा आणि ये. अर्थ कळला तेव्हा आपल्या घराचा सोपा आठवला. शाळेला निघताना "जातो" म्हणालो की तू उंबऱ्यातून ओरडायचीस, "येतो म्हण!" कोपऱ्यापर्यंत पोचलेला मी परत यायचो, नुसतं तेवढं म्हणायला. इथं खोलीत कुणी नसतं. तरी कुलूप लावताना म्हणतो. मराठीतच.

माझी काळजी नको. डाळ-तांदूळ, पीठ सगळं मिळतं. चटणी पुरवून खातोय, अर्धा डबा आहे. थंडीत इथं टेबलाखाली हीटर आणि वरून गोधडी असते, आईच्या गुडघ्यांना जाम आवडेल.

आता ऐका. बाबा, साखर उपाशीपोटी तपासायची, भडंगाची बशी संपवून नव्हे. रंकाळ्याचा फेरा उजाडल्यावर. आई, शुक्रवारी अंबाबाईच्या गर्दीत दोन-दोन तास उभं राहायचं नाही, देवी घरूनही ऐकते. आणि यंदाही पावसाळ्यात मी नाही, म्हणून आत्ताच लिहितो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की कपडे, औषधं आणि मांजर घेऊन मामाकडं. धोक्याच्या ४३ ची वाट बघायची नाही. २०१९ ला "आपल्या जिन्यापर्यंत येत नाही" म्हणत बसला होता. रागानं नाही लिहीत हं बाबा. त्या रात्री फोन लागत नव्हता, एवढंच.

दसऱ्याला बारा दिवस येतोय. तिकीट काढलंय, रद्द केलं तर एक पैसा परत न मिळणारं. मुद्दाम.

येतो.

तुमचा,
बाळू