मणिभवनातले पाहुणे

दापोली

प्रिय वसंत यास,
सप्रेम नमस्कार.

शाळेची सहल मुंबईस न्यायची तर काय दाखवावे, असे तू विचारले होतेस. राणीची बाग आणि गेटवे मुले स्वतःच मागतील. त्यांच्या जोडीला गामदेवीतले मणिभवन घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

ग्रँट रोड स्थानकावरून तेथे चालत जाता येते. लॅबर्नम रोडवरची ही दुमजली वास्तू गांधीजींची नव्हे, रेवाशंकर जगजीवन झवेरी यांची. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की बहुधा येथेच उतरत. मला तर वास्तू पाहताना पाहुण्याइतकेच यजमानाचे कौतुक वाटत राहिले. रौलट कायद्याच्या विरोधात ७ एप्रिल १९१९ रोजी सरकारदरबारी नोंद न करताच ‘सत्याग्रही’ हे पत्रक येथून निघाले आणि ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे पोलिसांनी गांधीजींना गच्चीवरच्या तंबूतून अटक करून नेले. असा पाहुणा वर्षानुवर्षे घरात ठेवून घ्यायला नुसती श्रीमंती पुरत नाही. १९५५ मध्ये ही वास्तू गांधी स्मारक निधीकडे आली. तळमजल्यावर ग्रंथालय आहे, वर गांधीजींची गादी आणि चरखे असलेली खोली राखली आहे. मुले रमतील ती मात्र बाहुल्यांच्या देखाव्यांपाशी, आणि त्यात काही वावगे नाही.

मोठ्या मुलांना तू जे सांगावेस असे मला वाटते, ते १४ ऑगस्ट १९३१ चे आहे. त्या दिवशी या घरचा पाहुणाच यजमान झाला होता आणि त्याला भेटायला बाबासाहेब आले होते. दोघांची ही पहिली भेट, दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या तोंडावरची. आरंभी गांधीजी इतरांशीच बोलत राहिले, असे बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदले आहे. पुढे बाबासाहेबांनी स्पष्टच सांगितले की आपल्याला मायभूमी नाही, कारण जेथे आपल्या माणसांना कुत्र्यामांजरांहून वाईट वागवले जाते आणि पिण्याचे पाणीही मिळत नाही, ती भूमी आपली कशी म्हणावी. बाबासाहेब स्वतः अस्पृश्य समाजातले आहेत, हे गांधीजींना तेव्हा ठाऊकही नव्हते. अस्पृश्यांचा कळवळा असलेले कोणी ब्राह्मण असावेत असा त्यांचा समज होता, हे गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांच्या डायरीतून कळते. एवढ्या मोठ्या माणसाचे हे अज्ञान मला त्या भेटीतल्या कोणत्याही कठोर वाक्याहून अधिक बोचले. गांधीजींविषयीचा माझा आदर तू जाणतोसच, म्हणून हे मोकळेपणाने लिहितो.

तुझी मुले मंडणगडची, बाबासाहेबांच्या मूळ गावाची, आंबडव्याची वाट त्यांच्या पायाखालची. तेव्हा ही हकिगत त्यांना परकी वाटू नये. शिवाय गाडी महाडवरून नेता येईल. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ज्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते तळे आधी दाखव आणि मगच गामदेवीला ने, म्हणजे मायभूमी नसल्याचे बोलणे कोठून आले हे वेगळे समजावावे लागणार नाही. उलट क्रमाने नेलेस तर तळे हे परतीच्या वाटेवरचे चहाचे ठिकाण होऊन बसेल.

सहलीची तारीख ठरली की कळव. मीही येईन म्हणतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर