दुनाळी घ्यायच्या आधी

प्रिय बंड्या,

बंदुकीचं लायसन आलं वाचून बरं वाटलं, त्या पोलीस व्हेरिफिकेशनपायी तू किती बेजार झाला होता ते मला माहीत आहे. पण धरमपेठच्या त्या काकांच्या जुन्या दुनाळीचे, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुकीचे, फोटो पाठवून "घेऊन टाकू का" विचारून राहिला ना, ते काही पटलं नाही. फोटोत फक्त पॉलिश दिसते बे, आणि जुन्या बारा बोर बंदुकीत मला सगळ्यात जास्त शंका येते ती पॉलिशचीच. दुसरा फोटो मोठा करून पाहा, कोरलेल्या अक्षरांच्या कडा पुसट झाल्यात अन् स्क्रूच्या भोवती धातू खोलगट दिसतो. म्हणजे कोणीतरी बफ मारून गंज काढला आणि वरून नवीन ब्ल्यूइंग, म्हणजे धातूवरचा काळा-निळा थर, चढवलं. गंजानं खाल्लेला धातू थोडीच परत येतो.

हातात घेतली की पहिले उघडून दोन्ही चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, स्वतः पाहायचे, काका "रिकामीच आहे" म्हणाले तरी. मग नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढून ठेव, कारण त्याच्या दाबानं ढिलेपणा लपून जातो. बंदूक बंद कर, कुंदा काखेत दाब आणि नळ्या हलवून पाहा, आडव्या पण आणि उभ्या पण. खुट्ट झालं किंवा नळ्यांच्या मागच्या टोकाशी फटीतून उजेड दिसला तर जॉइंट गेला समज. वरचा खटका, म्हणजे लिव्हर, तोही सांगतो बरंच काही. नव्या बंदुकीत बंद केल्यावर तो मधल्या रेषेच्या थोडा उजवीकडे थांबतो, झिजत झिजत मध्यावर येतो. डावीकडे गेला असेल तर खूप वापर झालाय, किंमत त्या हिशेबानं बोल.

नंतर नळ्या वेगळ्या कर, खालच्या हुकात बोट घालून लटकव आणि पेन्सिलीनं हलकेच ठोक. टण्ण असा घुमला पाहिजे आवाज. नुसतं थड् झालं तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचं झाळकाम सुटलेलं असू शकते, ते करून देणारा कारागीर आजकाल शोधावा लागतो.

आतून पाहायच्या आधी कोरडी चिंधी मारून घे, ग्रीस भरलं असलं की खड्डे दिसतच नाहीत, आणि विकणाऱ्याला ते बरंच असते! खिडकीकडे धरून तिरपं पाहिलं की उजेडाची गोल गोल वलयं दिसतात. वलय जिथं वाकडं होते तिथं बाहेरून पोचा आहे नाहीतर नळी फुगलेली आहे, बाहेरून बोट फिरवलं की समजते. चेंबरच्या थोडं पुढे बारीक ठिपके असले तर चालवून घेता येते, पण खोल खड्डे असले किंवा नळी फुगलेली असली तर तिथंच नमस्कार कर.

आणि हे विसरू नको राजा, बऱ्याच जुन्या इंग्लिश बंदुकांचं चेंबर अडीच इंची, म्हणजे 65 मिमीचं असते. आताचं 70 मिमीचं काडतूस त्यात आरामात बसते म्हणून माणूस फसतो, कारण ते माप काडतूस उडून त्याचं दुमडलेलं तोंड उघडल्यानंतरच्या लांबीचं असते. छोट्या चेंबरमध्ये तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर प्रूफचे, म्हणजे दाबाची चाचणी झाल्याचे, शिक्के असतात, त्यांचा फोटो काढून पाठव. नळीवर लाटालाटांची नक्षी असेल तर ती डमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली जुनी नळी, भिंतीवर टांगायला मस्त, आताचं काडतूस घालायला अजिबात नको.

कुंद्याला मनगटापाशी, म्हणजे ट्रिगरमागं हातात धरतो त्या बारीक भागात, चीर आहे का बघ, स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर कोणीतरी घरी खोलून ठोकाठोकी केलीय. ट्रिगर रिकामा ओढू नको, पिन तुटते जुन्या बंदुकीची. माझ्याकडे स्नॅप कॅप, म्हणजे ट्रिगर तपासायची खोटी काडतुसं, आहेत त्या घेऊन येतो.

कागदाचं काय? नळीवरचा, बॉडीवरचा आणि काकांच्या लायसनवरचा नंबर एकच पाहिजे, खोडलेला असला तर हात पण लावू नको. लायसनदारानं लायसनदाराला विकायचं तर निदान 45 दिवस आधी जिल्हा मॅजिस्ट्रेटला किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवावं लागते, तोवर ॲडव्हान्स देऊन मोकळा होऊ नको. आणि हो, संत्र्याच्या बागेत डुक्कर येतात म्हणून घेतोय ना, तर लायसन मिळालं म्हणजे डुक्कर मारायची परवानगी मिळाली असं नाही, ती वनखात्याकडून वेगळी लागते.

रविवारी काटोलहून सकाळच्या बसनं निघ. काकांना दहाची वेळ दे, उन्हात नळी चांगली पाहता येते. किंमत मात्र मी इशारा केल्याशिवाय बोलू नको.

तुझा,
पक्या